‘एका वर्षात नर्स’ की दोन वर्षांचं एएनएम? नोंदणी, काम आणि कामाच्या मर्यादा

प्रश्न थोडक्यात असा: धाकटी बहीण बारावी कला शाखेतून पास झाली आहे. तालुक्याच्या गावातली एक संस्था ‘एका वर्षात नर्स, नोकरीची हमी’ म्हणून बोलावते आहे. दुसरीकडे एएनएम या परिचारिकेच्या दोन वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळण्यासारखा आहे. कुठे घालावं, नोंदणी कशी होते आणि पुढे काम काय असतं?

उत्तर सरळ आहे. एएनएमला घाला, आणि तेही संस्थेचे कागद स्वतः बघून. कारण असं, की महाराष्ट्रात नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली चालणाऱ्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. त्या नोंदवहीत एएनएम, जीएनएम (परिचारिकेचा तीन वर्षांचा कोर्स), बीएस्सी नर्सिंग अशांची नावं चढतात. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘पेशंट केअर’, ‘होम नर्सिंग’ अशा प्रमाणपत्रांना तिथे जागाच नाही. ते कोर्स केलेल्या मुली रुग्णाला आंघोळ घालणं, कूस बदलणं, भरवणं, चादरी बदलणं ही कामं करू शकतात, आणि ती कामं गरजेचीच आहेत. पण लहान दवाखान्यांत त्यांना तोच पांढरा गणवेश घालून इंजेक्शनं द्यायला लावतात. काही बरंवाईट झालं की पहिली विचारणा नोंदणी क्रमांकाची होते. तेव्हा दवाखान्याचे मालक ‘ती आमची आया आहे’ म्हणून मोकळे होतात आणि मुलगी अडकते.

एएनएम म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका. भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमाप्रमाणे दोन वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. बारावी कोणत्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय हवा. वय १७ पूर्ण आणि ३५ च्या आत. हा कोर्स फक्त मुलींसाठी आहे. प्रवेशाची पद्धत अलीकडे बदलत आली आहे, त्यामुळे मागच्या वर्षी शेजारणीच्या मुलीला कसा मिळाला यावर जाऊ नका. त्या वर्षाची राज्य सीईटी कक्षाची सूचना वाचा.

संस्था बघायला जाल तेव्हा इमारत आणि संगणक कक्ष बघण्यात वेळ घालवू नका. मान्यतेचं पत्र मागा, आणि त्यावरचं वर्ष आणि प्रवेशसंख्या वाचा. जुन्या पत्राची झेरॉक्स भिंतीवर लावलेली असते. ती बघून फसणारे पुष्कळ. मग विचारा की प्रात्यक्षिकाला मुली कुठल्या रुग्णालयात जातात आणि तिथे महिन्याला बाळंतपणं किती होतात. प्रसाविकेचं शिक्षण बाळंतपणं बघून आणि करून होतं. जिथे दिवसाआड एक बाळंतपण आणि त्यावर चाळीस मुली, तिथे जर्नलमध्ये केस उतरवून घेतल्या जातात. शेवटची खात्री करायची तर आधीच्या बॅचमधली एखादी मुलगी गाठा आणि तिचं परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र बघा. गुणपत्रिका नव्हे. गुणपत्रिका कुणीही छापतं.

नोंदणी आणि नूतनीकरण

राज्यात एएनएम आणि जीएनएमची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. परीक्षा पास झाल्यावर परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कोर्सच्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा संस्थेचा दाखला, आधार, फोटो आणि शुल्क लागतं. यात अडकतं ते जवळजवळ नेहमी नावात. दहावीच्या सनदेवर ‘सुनिता’, आधारवर ‘सुनीता’, कोर्समध्ये लग्न झालं म्हणून परीक्षेच्या अर्जावर नवऱ्याचं नाव आणि बारावीला वडिलांचं. अर्ज त्रुटीत जातो आणि भरतीची तारीख निघून जाते. म्हणून कोर्स संपेपर्यंत सगळीकडे दहावीच्या सनदेवरचंच नाव चालवायचं. लग्नानंतर बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यायचं आणि मग आधारपासून परिषदेपर्यंत सगळीकडे एकाच फेरीत बदलायचं. इंटर्नशिपचा दाखला संस्था बाकी फीसाठी अडवून ठेवते, हा दुसरा नेहमीचा त्रास. फी भरल्याच्या प्रत्येक पावतीची प्रत जपा.

राज्याच्या नोंदणीनंतर राष्ट्रीय नोंदवहीतला कायमचा ओळख क्रमांक मिळतो, त्याला एनयूआयडी म्हणतात. तो आधारशी जोडलेला असतो आणि राज्य बदललं तरी तोच राहतो. मात्र राज्य बदलताना जुन्या परिषदेकडून पडताळणी आणि ना-हरकत घेऊन नव्या राज्यात नाव चढवावंच लागतं. सीमाभागातल्या मुली कर्नाटकात कोर्स करतात आणि इकडे नोकरीला येतात, त्यांनी हे जाहिरात निघायच्या आधी करून ठेवावं. दोन परिषदांमधला कागद आठवड्यात येत नाही.

नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्यासाठी निरंतर शिक्षणाचे १५० तास दाखवावे लागतात, म्हणजे वर्षाला सरासरी ३०. शेवटच्या दोन महिन्यांत तास गोळा करायला निघालं की विकत मिळणाऱ्या प्रमाणपत्रांच्या नादी लागावं लागतं आणि मान्यता नसलेलं प्रमाणपत्र परिषद धरत नाही. कार्यशाळेला जाण्याआधी तिला परिषदेने तास दिलेत का ते पत्रकावर बघायचं. केंद्रात २०२३ साली राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा नवा कायदा झाला. त्यातही राज्याची स्वतंत्र नोंदवही ठेवलेली आहे, त्यामुळे ‘आता राज्याची नोंदणी लागत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

काम: उपकेंद्र

सरकारी नोकरी लागली तर तिची जागा म्हणजे उपकेंद्र. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला एक. पदाचं नाव आरोग्य सेविका किंवा आरोग्य परिचारिका, गावात मात्र नर्सबाई किंवा सिस्टर. सोबत आरोग्य सेवक, बहुतेक ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी, आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई. वर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सहाय्यिका आणि वैद्यकीय अधिकारी. आशाताईशी पटलं तर निम्मं काम सोपं होतं. कुठल्या घरात पाळी चुकली आहे, कुणाची सून माहेरी गेली, हे नोंदवहीच्या आधी तिला कळतं.

लसीकरणाचा दिवस जरा सविस्तर सांगतो, कारण नव्या मुलींच्या बहुतेक चुका तिथेच होतात, आणि त्या चुका त्या दिवशी दिसत नाहीत.

लस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आयएलआरमधून, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमधून येते, तापमान २ ते ८ अंश. व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये चार आइसपॅक लागतात. डीप फ्रीझरमधून काढलेला दगडासारखा आइसपॅक तसाच कॅरिअरमध्ये घातला की त्याला टेकलेली पेंटा (पाच रोगांची एकत्र लस), पीसीव्ही (न्यूमोकोकलची), आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), हिपॅटायटिस-बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) थिजते. नंतर ती वितळते, दिसायला ठीक दिसते, पण निकामी झालेली असते, वर टोचलेल्या जागी गळूही होतं. म्हणून आइसपॅक बाहेर काढून ठेवायचे, आणि हलवल्यावर आत पाण्याचा खळखळ आवाज आला की मगच भरायचे. उन्हाळ्यात याला थोडा वेळ लागतो, थंडीत बराच. सकाळी गाडी दारात उभी असते म्हणून हाच टप्पा गाळला जातो. व्हायल, म्हणजे लसीच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मधे ठेवायच्या, म्हणजे लेबलं भिजून निघत नाहीत. लेबल निघालेली व्हायल वापरता येत नाही.

प्रत्येक व्हायलवर व्हीव्हीएम, म्हणजे उष्णता लागली की रंग बदलणारी खूण असते: गोल आणि त्यात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तोवर लस चालते. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला की फेकायची. पण व्हीव्हीएम उष्णता सांगतो, गोठणं सांगत नाही. एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की आइसपॅकचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही.

बीसीजी (क्षयरोगाची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) या पावडरच्या लसी. त्यांचं डायल्युएंट, म्हणजे पावडर विरघळवायचं द्रव, वेगवेगळं, आणि ज्या कंपनीची लस त्याच कंपनीचं. एकाची दुसऱ्यात अदलाबदल ही सत्रातली सगळ्यात धोक्याची चूक. डायल्युएंटही आधीपासून थंड ठेवलेलं लागतं, वाटेत दप्तरात तापलेलं घातलं तर लस मरते. विरघळवल्यावर लेबलवर वेळ लिहायची आणि चार तासांत किंवा सत्र संपताना, जे आधी होईल तेव्हा, उरलेली लस टाकून द्यायची. या लसींत जंतू रोखणारं द्रव्य नसतं. उघडी व्हायल दुसऱ्या दिवशी वापरली तर लसीतून जंतूंचं विष बाळाच्या अंगात जातं आणि काही तासांत बाळ दगावू शकतं. ‘दोन मुलांसाठी दहा डोसची व्हायल कशी फोडू’ हा विचार इथे आणायचाच नाही. पेंटा, टीडी, पीसीव्ही, पोलिओसारख्या द्रव लसींची गोष्ट वेगळी. त्यांच्यावर उघडल्याची तारीख लिहून, नीट थंड ठेवून, व्हीव्हीएम चांगला असेल तर २८ दिवसांपर्यंत पुढच्या सत्रात वापरता येतात.

आता दीड महिन्याचं बाळ समोर आहे असं धरा. आधी तोंडाने द्यायच्या लसी: पोलिओचे दोन थेंब आणि रोटा (रोटाव्हायरसच्या जुलाबांवरची लस). रडायला लागलेल्या बाळाच्या तोंडात थेंब टिकत नाहीत, म्हणून हा क्रम. रोटाची मात्रा कुठल्या कंपनीची लस आली त्यावर ठरते, लेबल वाचायचं. मग पेंटा ०.५ मिली डाव्या मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूला, पीसीव्ही ०.५ मिली उजव्या मांडीत, आणि आयपीव्ही ०.१ मिली उजव्या दंडावर कातडीत. ही डावी-उजवी बाजू मनाची नाही. चार दिवसांनी मांडी सुजली तर कोणत्या लसीने सुजली हे सगळ्या राज्यात एकाच रीतीने कळावं म्हणून ठरवलेली आहे. नवव्या महिन्यातली आयपीव्ही मात्र डाव्या दंडावर. बाळाला कुल्ल्यावर लस द्यायची नाही.

कातडीतलं इंजेक्शन हातात बसायला वेळ लागतो. बीसीजी डाव्या दंडावर, एक महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, पुढे वर्षापर्यंत ०.१ मिली. सुई कातडीशी जवळजवळ आडवी, भोक वरच्या बाजूला. बरोबर गेलं तर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगवटा येतो आणि ढकलताना बोटाला जोर लागतो. सहज गेलं तर समजायचं की ते कातडीखाली गेलं. लगेच दुसरं द्यायचं नाही, तसंच पुढे जायचं. नंतर व्रण उमटला नाही तरी बीसीजी पुन्हा देत नाहीत.

एडी सिरिंजचा (एका वापरानंतर आपोआप बाद होणाऱ्या सिरिंजचा) दट्ट्या एकदाच मागे येतो आणि एकदाच पुढे जातो. इतर सिरिंजच्या सवयीने आधी हवा ओढली की ती तिथेच बाद. सुईला टोपण परत लावायचं नाही. टोचलं की लगेच हब कटरमध्ये सुई कापायची आणि प्लॅस्टिकचा भाग लाल पिशवीत टाकायचा. सुई बोटाला लागते ती हमखास टोपण लावताना.

लस दिल्यावर आईला अर्धा तास बसवून घ्यायचं. बायका घाई करतात, शेतावर जायचं असतं, पण हा अर्धा तास सोडायचा नाही. तीव्र अॅलर्जी आली तर ती बहुधा याच वेळात येते: अंगावर गांधी, धाप, घरघर, हातपाय गार, नाडी क्षीण लागणं. अशा वेळी पेटीतलं १:१००० अॅड्रेनालिन मांडीच्या स्नायूत, शक्यतो ज्या मांडीत लस दिली नाही तिथे. मात्रा वर्षाच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, १ ते ६ वर्षांपर्यंत ०.१, ६ ते १२ ला ०.२, १२ ते १८ ला ०.३ आणि प्रौढाला ०.५ मिली. पेटीत ४० युनिटची इन्सुलिन सिरिंज असते, तिच्यावर या खुणा अनुक्रमे २, ४, ८, १२ आणि २० युनिट. हा तक्ता पेटीच्या झाकणाच्या आतून चिकटवून ठेवायचा, कारण त्या क्षणी कुणालाच आठवत नाही. मग १०८ ला फोन, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना लगेच कळवायचं. अॅम्प्यूलची मुदत दर महिन्याला बघायची.

निघण्यापूर्वी आईला चार गोष्टी सांगायच्या: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, पुढची तारीख, आणि कार्ड जपून ठेवून दर वेळी आणायचं. हे न सांगितल्यामुळे ताप आलेल्या बाळाची आई पुढच्या वेळी येत नाही, आणि आशाताई तिच्या घरी चकरा मारत बसते.

गरोदर माता

नोंदणी १२ आठवड्यांच्या आत झाली पाहिजे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख येते. पाळीची तारीख आठवत नसेल तर सण-वार विचारायचे, पोळ्याच्या आधी की नंतर असं विचारलं की बाई अचूक सांगते. निदान चार तपासण्या, आणि त्यातली एक डॉक्टरांकडून. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, तिथे न्यायचं. प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, लघवीतलं अल्ब्युमिन आणि साखर, हिमोग्लोबिन, पोटाची उंची, बाळाचे ठोके. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला की ‘पुढच्या वेळी बघू’ नाही. थोड्या वेळाने पुन्हा मोजायचा, आणि तेवढाच आला तर त्याच दिवशी वर पाठवायचं.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. ७ ते १०.९ असेल तर लोहाच्या लाल गोळ्या दिवसाला दोन, आणि महिन्याने पुन्हा तपासणी. महिन्यात एक ग्रॅमने वाढलं नाही तर वर पाठवायचं. ७ च्या खाली आलं तर थेट रुग्णालय. हा आकडा चुकायला सुई टोचणारीच कारण होते. बोट पिळून पिळून थेंब काढला तर रक्तात पेशींचं पाणी मिसळतं आणि आकडा कमी येतो. बोट कोमट करायचं, नीट टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा घ्यायचा. साहलीच्या नळीने करत असाल तर आम्लात रक्त घातल्यावर दहा मिनिटं थांबायलाच हवं, आधी वाचलं तर तेही कमी.

लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. कॅल्शियमच्या ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, पण लोहाबरोबर नाही, निदान दोन तासांचं अंतर ठेवून. चहाबरोबरही लोह घ्यायचं नाही. जंतावर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकदाच, पहिले तीन महिने उलटल्यावर. गोळ्या वाटल्या म्हणजे पोटात गेल्या असं नाही. ‘गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि बाळंतपण अडतं’ ही समजूत अजून सासवांमध्ये घट्ट आहे, आणि काळी शी बघून सून स्वतःच घाबरून बंद करते. घरभेटीला गेलं की पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या. विचारण्यापेक्षा मोजणं बरं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात बाई दुसऱ्या तालुक्यात जाते आणि दोन्ही उपकेंद्रांच्या यादीतून गळते. इकडची सिस्टर म्हणते ती तिकडे गेली, तिकडची म्हणते माझी नोंद नाही. तिचा आरसीएच क्रमांक (माता-बाल नोंदणीचा क्रमांक) कार्डावर लिहिलेला असतो. निघण्याआधी माहेरच्या गावाचं नाव आणि फोन घेऊन तिकडच्या सिस्टरला कळवायचं. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड कुटुंबांचं तर दिवाळीनंतर अख्खं बिऱ्हाडच हलतं. त्यांच्या गरोदर बायकांची आणि लहान मुलांची यादी टोळी निघायच्या आधी केली नाही, तर पुढचे पाच-सहा महिने लस आणि तपासणी दोन्ही बुडतात. मातृवंदना योजनेचे पैसे अडकतात ते आधार आणि बँक खात्यावरच्या वेगळ्या नावांमुळे, वर सांगितलं तेच दुखणं.

प्रसूती, आणि हात कुठे थांबवायचा

एएनएमला सरळ बाळंतपण करायचा अधिकार आहे आणि काही औषधंही ती देऊ शकते. पण मर्यादा स्पष्ट आहेत. बाळ बाहेर आल्यावर, पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत. हे रक्तस्राव रोखतं. तेच ऑक्सिटोसिन बाळ जन्मायच्या आधी ‘कळा वाढाव्यात’ म्हणून देणं हा गुन्ह्याइतका मोठा अपराध समजा. गर्भाशय फाटतं, बाळ गुदमरतं. नातेवाईक मागतात, काही डॉक्टरही फोनवर सांगतात, तरी द्यायचं नाही. ऑक्सिटोसिन थंडच ठेवायला लागतं. टेबलावर पडून राहिलेलं काम करत नाही आणि रक्तस्राव थांबत नाही.

झटके आले किंवा रक्तदाब भयंकर वाढून डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर रवाना करण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देणं तिचं काम आहे: ५० टक्क्यांच्या २ मिलीच्या अॅम्प्यूलमध्ये १ ग्रॅम, अशा पाच अॅम्प्यूल प्रत्येक कुल्ल्यात खोल, एकूण १० ग्रॅम. म्हणजे पेटीत निदान दहा अॅम्प्यूल हव्यात. चार आहेत म्हणून चार दिल्या, असं चालत नाही. डोसची वेळ आणि मात्रा रेफर चिठ्ठीवर लिहायची, नाहीतर वरच्या रुग्णालयात पुन्हा पूर्ण डोस जातो.

बाळ जन्मल्यावर कोरडं करायचं. रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने श्वास सुरू करायचा. उलटं धरून पाठीवर थापट्या मारायच्या नाहीत. व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम मांडीत, तासाभरात स्तनपान, चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस-बी.

गावात घरी पेटी ठेवून तापाला इंजेक्शन, अशक्तपणाला सलाइन हे नोंदणीत बसत नाही. तो वैद्यकीय व्यवसाय झाला, आणि त्यावर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खाली कारवाई होते. खासगी रुग्णालयात नोकरी करताना नेमका उलटा धोका असतो: तिथे अतिदक्षता विभागापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत सगळीकडे एएनएमला उभं करतात, पगार मात्र कमी. तोंडी आदेशावर औषध द्यायचंच झालं तर ऐकलेलं मोठ्याने परत म्हणायचं, नोंदीत वेळेसह लिहायचं आणि डॉक्टरांची सही त्याच पाळीत घ्यायची. न शिकवलेलं काम सांगितलं तर ‘मला हे शिकवलेलं नाही’ असं तिथेच सांगायचं. नोकरी गेली तर दुसरी मिळते, नोंदणी गेली तर काहीच उरत नाही.

नोकरी आणि पुढचा रस्ता

जिल्हा परिषदेच्या जाहिरातीत पात्रता म्हणून परिषदेकडची नोंदणी किंवा नोंदणीसाठी पात्र असणं लिहिलेलं असतं. ‘पात्र असणं’ या शब्दांवर विसंबून कुणी अर्ज करतं आणि कागदपत्र तपासणीला नोंदणी क्रमांक नसल्याने अडतं, म्हणून आधीच घ्यावा. कायम पदाला एस-८, म्हणजे २५,५०० ते ८१,१०० ही वेतनश्रेणी. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली कंत्राटी एएनएम यापेक्षा बरीच खाली असते आणि करार पुन्हा पुन्हा नवा होत राहतो. काम दोघींचं सारखंच, यावर अन्याय म्हणायचं तर म्हणा.

सेवेत राहून सहा महिन्यांच्या प्रशिक्षणानंतर आरोग्य सहाय्यिका होता येतं. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश मिळतो, आणि जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. पण म्हणजे दोन अधिक तीन अधिक दोन, सात वर्षं. बहिणीला बारावीला चांगले गुण असतील आणि घरची तयारी असेल तर पहिल्यापासून जीएनएम बघा, ते तीन वर्षांचं आहे आणि कला शाखेलाही चालतं. जवळच्या गावात, लवकर आणि सरकारी भरती डोळ्यासमोर ठेवून करायचं असेल तर एएनएम.

परदेशाचं आमिष दाखवणारे एजंट एएनएमच्या मुलींना ‘तिकडे प्रॅक्टिकल नर्स म्हणून लागेल’ म्हणतात. अमेरिकेत त्या पातळीला परवानाधारक प्रॅक्टिकल नर्स म्हणतात, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये व्होकेशनल नर्स. तिथे राज्याच्या मंडळाकडून शिक्षणाची छाननी होते आणि एनक्लेक्स-पीएन ही परीक्षा द्यावी लागते. त्यांचा अभ्यासक्रम वॉर्डातल्या प्रौढ आणि वृद्ध रुग्णांवर उभा आहे, आपलं एएनएम गावातल्या माता-बालकांवर, त्यामुळे छाननीतच तास कमी पडतात. शिवाय नर्सना तिथे कामगार खात्याच्या लांबलचक प्रक्रियेतून जी सूट मिळते ती नोंदणीकृत नर्सना, प्रॅक्टिकल नर्सना नाही. बाहेर जायचा विचार खरोखर असेल तर एजंटला पैसे देण्याऐवजी ते पैसे जीएनएम किंवा बीएस्सीच्या फीला लावा.